इव्हेंटचा नियम बदलण्याआधी तो वाचून घ्या

अ‍ॅनालिटिक्सला एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः साधनं वापरून करणारा एआय) जोडून झाला की बहुतेकांचा पहिला हुकूम असतो, "अमुक नियम बदल." माझा तसा नसतो. मी लिहिते, "काहीही बदलू नकोस. या स्ट्रीमवर आत्ता कोणकोणते नियम आहेत ते सगळे काढ आणि साध्या मराठीत सांग." (स्ट्रीम म्हणजे एका साइटवरून अ‍ॅनालिटिक्सकडे येणारा डेटाचा प्रवाह.) या एका सवयीमुळे मला इतक्या गोष्टी सापडल्या आहेत की त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी वेगवेगळ्या संस्थांच्या वेबसाइटचं मोजमाप सांभाळते. माणसं कुठून आली, काय वाचलं, फॉर्म भरला की अर्ध्यात सोडला, हे पाहणं माझं काम. बहुतेक ठिकाणी गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ आहे. त्याआधीच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या साध्या प्रॉपर्टींनी (प्रॉपर्टी म्हणजे अ‍ॅनालिटिक्समधला मोजमापाचा स्वतंत्र कप्पा) १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं थांबवलं. त्याआधीच्या धावपळीत असंख्य नव्या प्रॉपर्टी उभ्या राहिल्या, आणि त्या धावपळीत लिहिलेले नियम आजही चालू आहेत. ते कुणी लिहिले, का लिहिले, हे ठाऊक असलेला माणूस बहुधा नोकरी बदलून गेलेला असतो.

नियम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. वेबसाइटवरून अ‍ॅनालिटिक्सकडे इव्हेंट येत राहतात: पान उघडलं, खाली सरकवलं, फाइल उतरवली. नव्या इव्हेंटचा नियम सांगतो की येणारा इव्हेंट अमुक अटींत बसला तर त्यावरून आणखी एक इव्हेंट तयार कर. सगळ्यात जास्त दिसणारा नियम असा असतो: इव्हेंटचं नाव 'पेज व्ह्यू' आहे आणि पानाच्या पत्त्यात 'थँक-यू' हे शब्द आहेत, तर 'जनरेट लीड' नावाचा इव्हेंट तयार कर (लीड म्हणजे आलेली चौकशी). फॉर्म भरल्यावर आभाराचं पान उघडतं, म्हणून ही युक्ती. दुसरा प्रकार आहे तो इव्हेंटमध्ये फेरफार करणारा, म्हणजे नवीन काही न बनवता आलेल्या इव्हेंटचं नाव किंवा पॅरामीटर (इव्हेंटसोबत येणारा तपशील, उदा. पानाचा पत्ता) बदलणारा. दोन्ही प्रकार डेटा स्ट्रीमच्या पातळीवर राहतात आणि दोन्ही अ‍ॅडमिन एपीआयमधून (प्रोग्रामना अ‍ॅनालिटिक्सच्या सेटिंगपर्यंत पोचवणाऱ्या दारातून) वाचता येतात, बदलता येतात, काढून टाकता येतात.

एजंटला हे सगळं करता येतं ते या एपीआयमुळेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि एजंटला बाहेरची साधनं जोडायची एक सर्वमान्य पद्धत मिळाली. २०२५ मध्ये गुगलनं अ‍ॅनालिटिक्ससाठी स्वतःचा सर्व्हर दिला तो फक्त वाचणारा होता. लिहिण्याची सोय देणारी साधनं इतरांची आहेत. मला ही विभागणी मनापासून आवडते आणि मी ती स्वतःच्या कामातही ठेवली आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष काम. एका संस्थेची वेबसाइट नव्यानं बांधली जात होती. आभाराच्या पानाचा पत्ता बदलणार होता, 'थँक-यू'च्या जागी 'एन्क्वायरी/डन'. नवी साइट चालू झाली की जुना नियम कशालाच जुळणार नाही आणि लीड शून्यावर येतील, हे उघड होतं. निरोप आला: "नियमात नवा पत्ता टाकून द्या, दोन मिनिटांचं काम आहे."

एजंटनं आधी सगळे नियम वाचून दाखवले. मग मी दुसरं काम सांगितलं: गेल्या चार आठवड्यांत 'जनरेट लीड' ज्या ज्या पत्त्यांवर तयार झाला, ते पत्ते रिपोर्टमधून काढून यादी दे. हे काम हातानं करायचं तर एक्सप्लोरेशन उघडा, डायमेन्शन ओढा, फिल्टर लावा. कुणी करत नाही. एजंटला ते सांगायला एक वाक्य पुरतं. यादीत अपेक्षेप्रमाणे आभाराचं पान होतंच, पण मुखपृष्ठही होतं. माहितीपत्रकाचं पानही होतं. या पानांवर फॉर्मच नाही.

कारण पत्त्याच्या शेपटीत होतं. संस्था देणगीदारांना आभाराचे ईमेल पाठवते आणि त्या ईमेलमधल्या दुव्यांना मोहिमेचं नाव जोडलेलं होतं, त्यात 'थँक-यू' हे शब्द होते. पानाच्या पत्त्याचं जे पॅरामीटर अ‍ॅनालिटिक्सकडे जातं त्यात प्रश्नचिन्हापुढचा मजकूरही असतो. म्हणजे आभाराच्या ईमेलवरून जो कुणी मुखपृष्ठावर आला, तो नियमाच्या दृष्टीनं चौकशी करणारा ठरला. नियम लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. 'पत्त्यात अमुक शब्द असावेत' ही अट फार ढिली होती इतकंच. नुसता नवा पत्ता टाकून मोकळं झालं असतं तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि देणगीदारांची ये-जा पुढची काही वर्षं चौकशी म्हणून मोजली गेली असती.

मला एजंटचा खरा उपयोग इथे दिसतो. बटणं दाबायचे कष्ट वाचतात ते ठीकच आहे, पण नियम काय म्हणतो आणि त्यातून प्रत्यक्षात काय तयार झालं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघणं आता इतकं स्वस्त झालं आहे की ते टाळायला निमित्त उरत नाही.

आता बदलाकडे. जुनं पान काही दिवस चालूच राहणार होतं, म्हणून दोन्ही पत्ते चालायला हवे होते. मी सांगितलं, "जुना किंवा नवा पत्ता, दोन्ही चालले पाहिजेत." एजंटनं जो मसुदा दिला त्यात तीन अटी होत्या: नाव 'पेज व्ह्यू', पत्त्यात 'थँक-यू', पत्त्यात 'एन्क्वायरी/डन'. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण एका नियमातल्या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. तिथे 'किंवा' नाही. एकाच पत्त्यात दोन्ही मजकूर कधीच येणार नव्हते, म्हणजे हा नियम एकदाही जुळला नसता. एपीआयनं मात्र तो मुकाट स्वीकारला असता, कारण रचना म्हणून त्यात चूक काहीच नाही. एका नियमात दहापर्यंत अटी चालतात, तिथे तीनच होत्या.

बदल पाठवण्याआधी मी एजंटकडून 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने मागते आणि त्याखाली एक तक्ता: हे पाच-सात खरे पत्ते घे, प्रत्येकाला नवा नियम लागेल की नाही ते सांग, आणि का ते सांग. पत्ते मी निवडते, मघाशी निघालेल्या यादीतून. या तक्त्यात एजंटला आपली गफलत स्वतःच दिसली. सगळ्या ओळींपुढे 'लागणार नाही' आलं. मग त्यानं एकच रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर कसा असावा याचा नमुना) सुचवलं. डोमेननंतर लगेच येणारा मार्ग दोहोंपैकी एक असावा, आणि त्यापुढे काहीही चालेल. सुरुवात आणि शेवट दोन्ही स्पष्ट लिहिलेले. मोहिमेच्या शेपटीतला 'थँक-यू' आता आपोआप बाहेर राहिला. पर्याय म्हणून एकाच नावाचा इव्हेंट बनवणारे दोन नियमही ठेवता आले असते. पण पुढे जुनं पान बंद झाल्यावर कुणी तो दुसरा नियम आठवणीनं काढेल याची मला खात्री नव्हती.

यानंतरचा भाग तांत्रिक आहे, पण अपघात इथेच होतात, म्हणून थोडं थांबून लिहिते. एपीआयमधून नियम बदलायचा तर पॅच विनंती (आहे त्यातला काही भाग बदलण्याची विनंती) जाते आणि तिच्यासोबत अपडेट मास्क द्यावा लागतो. मास्क म्हणजे 'यातली अमुक फील्ड्सच बदल' असं सांगणारी यादी. मास्कमध्ये नसलेल्या फील्डला धक्का लागत नाही. बदल फक्त अटींचा असेल तर मास्कमध्ये फक्त अटींचं फील्ड असावं. इथवर सरळ आहे.

पण अटी ही यादी आहे, आणि यादीचं फील्ड मास्कमध्ये आलं की जुनी यादी पूर्ण जाऊन पाठवलेली यादी तिच्या जागी बसते. नवी अट जुन्यांत मिसळली जात नाही. समजा एजंटनं 'फक्त बदललेली अट' म्हणून पत्त्याचीच अट पाठवली. मग 'नाव पेज व्ह्यू' ही अट गेली. आता त्या पानावर घडणारी प्रत्येक गोष्ट नियमात बसते: पान उघडलं तर लीड, खाली सरकवलं तर लीड, तिथे थोडा वेळ रेंगाळलं तरी लीड. एका माणसाच्या तीन-चार चौकशा. आकडे शून्य झाले तर निदान कुणीतरी ओरडतं. आकडे वाढले की सगळे खूश असतात आणि कुणी विचारत नाही. मला म्हणूनच ही दुसरी शक्यता जास्त धोक्याची वाटते. माझ्या सूचनांमध्ये एक ओळ कायमची आहे: "अटी पाठवताना न बदललेल्या अटीसुद्धा जशाच्या तशा पाठव आणि एकूण किती अटी जात आहेत ते आधी सांग."

दुसरा सापळा चांदणीचा, म्हणजे * या खुणेचा. मास्कमध्ये चांदणी दिली की संपूर्ण नियम पाठवलेल्या रूपात बदलतो. काही साधनं सोय म्हणून आपणहून चांदणी भरतात. मूळ इव्हेंटचे पॅरामीटर नव्या इव्हेंटमध्ये उतरवायचे की नाही, असं एक होय-नाहीचं फील्ड नियमात असतं. चांदणीसोबत ते पाठवायचं राहिलं तर त्याचा अर्थ 'नाही' होतो. लीड मोजल्या जातात, एकूण आकडा बरोबर दिसतो, पण कुठल्या पानावरून आल्या हे विचारलं की रकाना रिकामा. हे पंधरा दिवसांनी कुणीतरी रिपोर्ट उघडल्यावर कळतं. चांदणीला मी सरसकट बंदी घातली आहे.

कशाची एवढी काळजी, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. चुकला नियम तर परत दुरुस्त करता येईल की! नियम दुरुस्त होतो, डेटा होत नाही. नियम येणाऱ्या इव्हेंटवर चालतात, मागे साठलेल्यावर नाही. आज चुकीच्या बनलेल्या लीड पुढच्या वर्षीच्या तुलनेतही तशाच बसलेल्या असतील. टॅग मॅनेजरमध्ये (साइटवरचे मोजमापाचे टॅग सांभाळणारं गुगलचं वेगळं साधन) प्रत्येक बदलाची आवृत्ती राहते आणि एका झटक्यात मागे जाता येतं. इथल्या नियमांना तशी आवृत्ती नाही. म्हणून पॅच पाठवण्याआधी एजंटनं मूळ नियम आहे तसा जेसन फाइलमध्ये उतरवून तारखेसह ठेवायचा, हे मी त्याच्या सूचनांत घातलं. माझ्या लेखी तीच आवृत्ती. खूप गुंतागुंतीचं मोजमाप असेल तर नियमांऐवजी टॅग मॅनेजरच वापरावा असंही माझं स्पष्ट मत आहे, पण आधीपासून चालत आलेल्या घरात सगळ्या भिंती पाडून सुरुवात करता येत नाही.

नाव बदलण्याचा मोह मात्र प्रत्येक वेळी होतो. नियमाला हात लावतोच आहोत तर 'जनरेट लीड'चं जरा नेमकं नाव करून टाकू, असं कुणीतरी सुचवतंच. एजंटही सुचवतो, त्याला नावं नीटनेटकी करायला आवडतं. मी नाही म्हणते. २०२४ पासून ज्याला 'की इव्हेंट' म्हणतात, ती महत्त्वाच्या इव्हेंटची खूण इव्हेंटच्या नावावर असते. नाव बदललं की खूण जुन्या नावाजवळच राहते. जाहिरातींच्या खात्यात तो इव्हेंट आयात केला असेल तर तिथली आवक थांबते आणि स्वयंचलित बोली चालवणाऱ्या यंत्रणेला वाटतं की अचानक कुणी चौकशीच करत नाही. शिवाय नावातली लहान-मोठी अक्षरं अ‍ॅनालिटिक्सला वेगळी वाटतात, त्यामुळे एका अक्षरानंही दोन वेगळे इव्हेंट होतात. नाव बदलायचंच असेल तर ते स्वतंत्र काम म्हणून, ठरवून, संबंधितांना सांगून करावं.

फेरफार करणाऱ्या नियमांचा क्रम हाही असाच नजरेतून सुटणारा भाग. ते एकामागून एक ठरलेल्या क्रमानं चालतात, आणि नव्या इव्हेंटच्या नियमांतून तयार झालेल्या इव्हेंटला ते हात लावू शकत नाहीत. कुणी 'जनरेट लीड'मध्ये एखादं पॅरामीटर फेरफाराच्या नियमानं घालायला गेलं तर काहीच होणार नाही. ते नवा इव्हेंट बनवणाऱ्या नियमातच घालावं लागतं. एजंटला नियमांची यादी काढायला सांगताना मी दोन्ही प्रकार मागते ते यासाठी. एकच प्रकार पाहून सांगितलेलं उत्तर बरेचदा अर्धं असतं.

पॅच गेला. आता लगेच तपासायचा मोह आवरावा लागतो. असा बदल लागू व्हायला तासाभरापर्यंत वेळ लागू शकतो. माणूस असेल तर तो दुसऱ्या कामाला लागेल. एजंटला "बदल कर आणि चालतो का ते तपास" असं एकाच दमात सांगितलं, तर तो दोन मिनिटांनी रिअलटाइम रिपोर्ट बघतो, इव्हेंट दिसत नाही, आपलं काहीतरी चुकलं असं समजून पुन्हा नियम बदलतो, किंवा शेजारी दुसरा नियम तयार करतो. तासाभरानं दोन्ही जागे होतात आणि प्रत्येक लीड दोनदा मोजली जाते. म्हणून करणं आणि तपासणं ही मी वेगळी संभाषणं ठेवते. पहिल्यात शेवटची ओळ असते, "एक पॅच पाठव, आलेलं उत्तर दाखव आणि थांब." तपासणी मी स्वतः करते, डीबगव्ह्यू (येणारे इव्हेंट लगेच दाखवणारा अ‍ॅनालिटिक्सचा पडदा) उघडून, फॉर्म भरून. तो इव्हेंट डोळ्यांसमोर उमटताना बघायला मला अजूनही फार आवडतं. मग आभाराच्या ईमेलमधल्या दुव्यावरूनही एकदा येऊन बघितलं. लीड तयार झाली नाही.

परवानग्यांचं. वाचायची जोडणी आणि लिहायची जोडणी मी वेगळी ठेवली आहे. एपीआयमध्येही त्यांचे अधिकार वेगळे मागता येतात. रोजच्या प्रश्नांसाठी फक्त वाचणारी जोडणी चालू असते. लिहिणारी जोडणी कामापुरती जोडायची, काम झालं की काढायची. आणि एजंट माझ्या नावानं काम करत नाही, त्याचं वेगळं सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचं खातं) आहे. प्रॉपर्टीच्या बदलांच्या इतिहासात कुणी काय केलं ते दिसतं, आणि तिथे माझं काम कुठलं आणि एजंटचं कुठलं हे कुणालाही न विचारता कळलं पाहिजे. एकाच प्रॉपर्टीत खरी साइट आणि चाचणीची साइट असे दोन स्ट्रीम असतील तर नावावर विसंबायचं नाही, स्ट्रीमचा क्रमांक लिहून द्यायचा. नावं बरेचदा इतकी सारखी असतात की माणूसही चुकतो.

नियम काढून टाकण्याचा अधिकार मात्र एजंटला नाही. तो सुचवतो, यादी देतो, काढते मी.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक काम शेवटी माणसांशी बोलायचं होतं. खोट्या लीड गेल्या म्हणजे आकडा खाली येणार. नवी साइट चालू झाली आणि त्याच आठवड्यात चौकशा घटल्या, असं चित्र रिपोर्टमध्ये दिसणार. ज्यांनी महिनोन्महिने खपून साइट बांधली त्यांच्यावर याचं खापर फुटलं असतं. म्हणून बदलाच्या आधीच संस्थेला लिहून कळवलं: आकडा कमी दिसेल, कारण हे आहे, आणि आधीच्या महिन्यांत अंदाजे कुठली पानं चुकून मोजली गेली त्याची ही यादी. २०२५ पासून अ‍ॅनालिटिक्सच्या रिपोर्टवर तारखेला जोडून टीप ठेवता येते, तीही ठेवली. 'या दिवसापासून लीडचा नियम घट्ट केला. आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये.'

उत्तरात संस्थेच्या बाईंनी वेगळंच विचारलं. एजंटनं साध्या मराठीत लिहिलेली नियमांची यादी मी सोबत जोडली होती, ती त्यांनी पूर्ण वाचली होती. "चौथ्या नियमात म्हटलंय की माहितीपत्रक उतरवलं की चौकशी धरायची. पण आमचे जुने सभासदच ते दर वर्षी उतरवतात. त्यांना नवीन का धरता?" अ‍ॅनालिटिक्स कधीही न उघडलेल्या व्यक्तीनं इतका नेमका प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं; सभासद लॉगिन करून उतरवतात की बाहेरूनच, हे आधी पाहावं लागेल. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर बसून ती पूर्ण यादी एक-एक ओळ वाचणार आहे, लिहिणारी जोडणी काढून ठेवूनच.